खुला ऑनलाइन कोर्स माणसं जोडून कसा शिकावा

कोर्सला नाव नोंदवण्याआधी त्याचं वेळापत्रक उघडा आणि एकच गोष्ट शोधा: आठवडा संपताना तुमच्याकडून काय मागितलंय? 'दहा प्रश्नांची चाचणी रविवारी रात्रीपर्यंत भरा' असं असेल तर तो एका जातीचा कोर्स. 'या विषयावर स्वतः काहीतरी करा, सगळ्यांना दिसेल असं ठेवा आणि दुसऱ्या दोघांचं पाहून त्यांना लिहा' असं असेल तर दुसऱ्या जातीचा. लोक दोन्हींना 'मूक' म्हणतात (एमओओसी, म्हणजे 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' या इंग्रजी नावाचं लघुरूप). दोन्हींत व्हिडिओ असतात, दोन्हींत शिकायला पैसे पडत नाहीत. पण पहिल्यात मूक, म्हणजे गप्प, राहून पास होता येतं. दुसऱ्यात मूक राहिलात तर व्हिडिओंच्या यादीपलीकडे हाती काही लागत नाही.

पुढचं सगळं दुसऱ्या जातीसाठी आहे. पहिल्या जातीचा कोर्सही याच रीतीने शिकता येतो, त्याचं शेवटी येईल.

ही पद्धत निघाली २००८ साली. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसेक होते आणि दार उघडं ठेवल्यामुळे फुकट येऊन बसलेले दोन हजारांवर. एवढ्या लोकांच्या वह्या दोघांनी तपासणं शक्यच नव्हतं, आणि त्यांना ते करायचंही नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या जागी लिहायचं, त्या सगळ्याच्या लिंका एका पत्रात गोळा होऊन सगळ्यांकडे जायच्या, आणि त्यातलं काय वाचायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. 'मूक' हे नाव तेव्हाचं, डेव्ह कॉर्मिए यांनी दिलेलं. पुढे २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला दीड लाखांवर लोकांनी नावं नोंदवली, मोठ्या कंपन्या उतरल्या आणि चाचणीवाली जात सगळीकडे पसरली. नाव तेच राहिलं, मालमसाला बदलला.

सीमेन्स आणि डाउन्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्ञान एका डोक्यात किंवा एका पुस्तकात साठलेलं नसतं. ते माणसं, वस्तू, नोंदी यांच्यामधल्या धाग्यांत असतं. शिकणं म्हणजे ते धागे जोडता येणं आणि त्यांवरून हवं तिथं पोचता येणं. ऐकायला जड आहे, पण रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. ठिबकमधून कोणतं खत कधी सोडायचं ते एकाला विचारायचं, केळीच्या भावासाठी बऱ्हाणपूरला फोन लावायचा, टिश्यू कल्चरची रोपं कुणाची चांगली निघाली ते शेजारच्या शिवारात जाऊन बघायचं, पानावर नवीनच काही दिसलं तर फोटो काढून चौघांना धाडायचा. बागायतदाराचं अर्धं ज्ञान त्याच्या फोनमधल्या नावांत असतं. कोर्समध्ये हेच करायचं आहे, फक्त मुद्दाम आणि वार ठरवून.

नोंदणीच्या आधीचा आठवडा

पहिलं काम कागदावर. कोर्समधून काय हवंय ते एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात तुमचं गाव, तुमचा वर्ग किंवा तुमचं शेत आलंच पाहिजे. 'अध्यापनाच्या नव्या पद्धती शिकायच्या आहेत' हे वाक्य कुचकामी. 'घरी अहिराणी बोलणाऱ्या पाचवीच्या मुलांना अपूर्णांकाचं शाब्दिक उदाहरण कुठे अडतं ते शोधायचंय' हे कामाचं. हे वाक्य म्हणजे चाळणी. कोर्स सुरू झाला की रोज पंचवीस-तीस नव्या गोष्टी अंगावर येतात, तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला दुसरं साधन नसतं.

मग कॅलेंडर घ्या. बहुतेक कोर्स जानेवारीत किंवा जुलैत सुरू होतात. जुलैचा असेल तर श्रावणात कानबाईचा रविवार येतो, मग पोळा, गणपती, पुढे कापसाची वेचणी. जानेवारीचा असेल तर लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा आडव्या येतात, कोर्स लांबला तर आखाजी (अक्षय्य तृतीया). घरात पाहुणे असताना अभ्यास होत नाही, तेव्हा खोटी आशा धरू नका. आठ आठवड्यांच्या कोर्समधले दोन आठवडे आधीच कोरे सोडा. मागे पडण्यापेक्षा सोडलेला आठवडा बरा. त्याचा मनाला डंख राहत नाही.

ईमेलचं एक छोटं काम फार उपयोगी पडतं. जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह आणि कोर्सचं नाव लिहून तोच पत्ता नोंदणीला द्या. पत्रं तुमच्याच खात्यात येतात, पण त्या पत्त्यावर फिल्टर लावून ती वेगळ्या लेबलखाली, इनबॉक्सला न शिवता, जमा करता येतात. हे न केल्यास तिसऱ्या दिवशी सूचनांचा ढीग होतो, आणि त्या ढिगात बँकेचं पत्र हरवलं की माणूस कोर्सच सोडून देतो. काही ठिकाणी अधिकचं चिन्ह असलेला पत्ता घेत नाहीत. तिथे सरळ दुसरं खातं उघडा.

डेटाचा हिशोबही आधी करा. एक तासाचा व्हिडिओ ३६० पी दर्जावर साधारण ३०० एमबी खातो, ७२० पी वर १ जीबीच्या आसपास. रोजचा दीड जीबीचा प्लॅन घरातल्या मुलांसोबत वाटून घेत असाल तर ३६० पी ठरवूनच टाका, फळ्यावरचं वाचता येतं. धडगाव, अक्कलकुवा भागात रेंज येते-जाते, तिथल्यांनी तालुक्याला आलं की आठवड्याचं उतरवून घ्यावं. लेखी उतारा मिळत असेल तर व्हिडिओआधी तो घ्या: काही केबींत काम होतं, आणि वाचताना हवी ती ओळ शोधता येते. ऐकण्यासारखा भाग सुरत-भुसावळ गाडीत कानात घालावा.

थेट सत्राची वेळ लावून घेताना एक खोड ध्यानात ठेवा. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं, अमेरिकेचं मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे सरकतं. न्यूयॉर्कच्या दुपारी एकचं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला असतं आणि तेच हिवाळ्यात साडेअकराला. साडेअकराला कुणी बसत नाही. रेकॉर्डिंग घ्या आणि सत्रासाठीचा प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा.

शेवटी आपली एक जागा करा, जिथे तुमचं काम दिसेल. गुगल ड्राइव्हमधलं एक फोल्डर पुरतं. दर आठवड्याला एक फाइल, नावात आठवड्याचा क्रमांक. परवानगी 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' अशी ठेवा. 'बदल करू शकेल' अशी ठेवली तर एखाद्या दिवशी कुणाचं तरी बोट लागून पान कोरं होतं. लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. पहिल्या आठवड्यात अर्ध्या लोकांच्या लिंका बंद दाराच्या निघतात आणि बघायला आलेला माणूस परवानगी मागत बसत नाही, पुढे जातो. फोन नंबर, मुलांचे चेहरे, सातबाऱ्याचा फोटो यांतलं काहीही त्या फोल्डरमध्ये नको.

साडेपाच तासांचा आठवडा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस प्रत्येक घोड्याचे दात बघत नाही. एक फेरी लांबून मारतो, तीन-चार हेरतो, आणि मग त्यांच्याच भोवती दिवस घालवतो. सोमवारी अर्धा तास तेच करायचं. सगळ्या लिंकांची शीर्षकं आणि पहिल्या दोन ओळी बघा, उघडून वाचू नका. कागदावरच्या वाक्याशी जुळणाऱ्या तीन निवडा. तीनच. चौथी मोह पाडतेच, ती 'पुढे कधीतरी' या यादीत टाका. त्या यादीतलं बहुतेक कधीच वाचलं जात नाही आणि त्याने काही बिघडत नाही. तिनांतली एक कोर्स घेणाऱ्यांनी दिलेली, एक बरोबरच्या शिकणाऱ्याने केलेली आणि एक पूर्ण अनोळखी ठिकाणची, असं ठेवलंत तर चव येते.

मंगळवार-बुधवार मिळून दोन तास वाचन. टिपणं काढताना पानाच्या मधोमध उभी रेघ मारा: डावीकडे त्यांचं म्हणणं, उजवीकडे 'आपल्याकडे?'. उजवी बाजू कोरी राहिली तर ती लिंक तुमच्यासाठी नव्हती, टाकून द्या.

शुक्रवारी दीड तास स्वतः काहीतरी करायचं. डाउन्स यांच्या मांडणीत चार कामं आहेत: गोळा करणं, एकमेकांत मिसळणं, आपल्या कामाला जुंपणं आणि पुढे पाठवणं. पहिल्या दोघांवर सगळे रमतात. तिसऱ्याला घाम येतो, म्हणून लोक तिथेच गळतात, आणि खरं शिकणं नेमकं तिथेच होतं. करायचं म्हणजे काही थोर नको. वर्गातल्या पाच मुलांनी एकच गणित कसं सोडवलं त्याचे वहीतले फोटो आणि खाली चार ओळी, एवढं झालं तरी आठवड्याचं काम झालं. पंधरा पानी निबंध कुणी वाचत नाही.

शनिवारी अर्धा तास दुसऱ्यांना लिहायचं. 'खूप छान', 'उपयुक्त माहिती' हे लिहिणं म्हणजे फोन उचलून ठेवून देणं. तीन वाक्यं लिहा: तुमच्या कामातलं मी अमुक वापरून पाहिलं, अमुक ठिकाणी मला कळलं नाही, माझ्याकडे यासारखं हे आहे. दोघांनाच लिहा, पण असं लिहा. रविवारचा एक तास गटाचा, त्याकडे येऊच.

एक पान जवळून

समजा पिकांचे रोग फोटोवरून ओळखण्याचा खुला कोर्स आहे आणि यावल तालुक्यातला एक जण तो करतोय. तिसऱ्या आठवड्याचं काम: आपल्या भागातला एक रोग इतरांना ओळखता येईल असा मांडा. त्याने केळीवरचा करपा घेतला. डागाळलेल्या पानाचा झकास फोटो काढला, खाली लिहिलं 'आमच्याकडे केळीवर करपा येतो', भाषांतराच्या ॲपमधून इंग्रजी केलं आणि टाकलं.

उत्तरं आली ती गोंधळाची. कारण 'करपा' हा एक रोग नाही. भातावरचा करपा वेगळा, कांद्यावरचा वेगळा, टोमॅटोवरचा वेगळा, केळीवरचा वेगळा. चारही वेगवेगळ्या बुरशींचे. आपल्याला पिकाच्या नावावरून कळतं कोणता, पण ॲप सगळ्यांना एकच ठोकळ शब्द लावून मोकळं होतं. तेव्हा रोगाचं, किडीचं, तणाचं नाव परक्या माणसाला सांगताना त्याचं जगभर चालणारं नाव शोधून तेच लिहायचं, शेजारी आपलं नाव ठेवायचं. इथे ते 'सिगाटोका'.

दुसऱ्या दिवशी पान सुधारलं, तसं कुणीतरी विचारलं: पान वरून कितवं? आणि खालच्या बाजूचा फोटो कुठे? फोटो काढणाऱ्याच्या मनातही हे आलेलं नसतं. पण त्या दोन प्रश्नांत सगळं आहे. पिवळ्या सिगाटोकाच्या बारीक रेघा आधी पानाच्या वरच्या अंगाला दिसतात, काळ्या सिगाटोकाच्या खालच्या अंगाला. आणि रोग किती चढलाय हे पानांच्या मोजणीवरून कळतं: वरचं पूर्ण उलगडलेलं पान एक नंबर धरायचं, तिथून खाली मोजत यायचं, आणि मधोमध वाळलेले दहा किंवा जास्त डाग असलेलं पहिलं पान कितवं ते लिहायचं. आकडा जितका लहान, तितका रोग वर चढलेला. सुरळीतलं पान मोजायचं नाही, इथे हमखास चूक होते. खालची म्हातारी पानं टोकापासून पिवळी पडली असतील तर ते पालाशच्या कमतरतेमुळेही असू शकतं, म्हणून एका झाडावर निकाल देऊ नका; बांध सोडून आत जा आणि दहा झाडं मोजा.

आता पान पुन्हा लिहिलं की त्यात काय असेल? दहा झाडांचे दहा आकडे, मोजल्याची तारीख, बाग मृगबाग की कांदेबाग (म्हणजे पावसाळी लावणीची की त्यानंतरच्या), पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, फोटोत मापासाठी ठेवलेलं रुपयाचं नाणं. याच्याशी जगातल्या कुठल्याही केळी पट्ट्यातला माणूस आपले आकडे लावून बघू शकतो. पहिल्या फोटोशी कुणालाच काही करता येत नव्हतं. हा फरक कोर्सच्या कुठल्या व्हिडिओतून आला नाही, तो दोन अनोळखी लोकांच्या दोन प्रश्नांतून आला, आणि ते प्रश्न आले कारण अर्धंमुर्धं का होईना, पान बाहेर ठेवलेलं होतं.

प्रश्न असा विचारा की उत्तर देता येईल

'सर, चालत नाहीये, मदत करा' याला कुणी उत्तर देत नाही, आणि त्यात लोकांचा उद्धटपणा नसतो. उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. उदाहरण घ्या. नंदुरबारच्या पावसाच्या आकड्यांची सरासरी काढायची आहे. 'सरासरीचं सूत्र चालत नाही' असं न लिहिता असं लिहा: 'रोजच्या पावसाचे ३० आकडे स्प्रेडशीटच्या एका स्तंभात भरले. खाली सरासरीचं सूत्र दिलं. उत्तराऐवजी शून्याने भागल्याची चूक दिसते. बेरजेचं सूत्र दिलं तर शून्य येतं. ४ ते ५ मिलिमीटर यायला हवं होतं. पहिल्या दहा खणांचा फोटो जोडला आहे.' फोटो बघताच कुणीही सांगेल की खणात '१२ मिमी' असं आकड्यासोबत एकक लिहिलंय, त्यामुळे संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो. एकक स्तंभाच्या मथळ्यात न्या, खणात नुसता आकडा ठेवा.

असा प्रश्न लिहायला वीस मिनिटं लागतात आणि पुष्कळदा लिहितानाच उत्तर सापडतं. सापडलं तर प्रश्न फेकू नका. प्रश्न आणि उत्तर दोन्ही टाका. तुमच्या मागून येणारे बारा जण तिथेच अडकलेले असतात.

उत्तर मिळालं की दोन दिवसांत 'हे करून पाहिलं, असं झालं' एवढं परत कळवा. हे न करणाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं कमी येतात. माणसं सगळीकडे सारखीच.

गावातला गट

गट चार ते सहा जणांचा. सातवा घेऊ नका: सहा जणांना प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे तास संपला. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही वाचनालयाचा कोपरा चालतो. घरी भरवलात तर चहा-फराळात अर्धा तास जातो, आणि शेवभाजीचा बेत निघाला तर संपलंच. सगळे एकाच शाळेतले किंवा एकाच गल्लीतले नकोत. सगळ्यांना तेच माहीत असतं, म्हणून नवं काही येत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे मांडलं होतं, की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण त्यांचा वावर वेगळ्या लोकांत असतो. एक शिक्षिका, एक कृषी सेवा केंद्रवाला, एक बी.एस्सी.चा विद्यार्थी, एक निवृत्त तलाठी असा मिश्र गट उत्तम.

बैठकीचा नियम एकच ठेवा: प्रत्येकाने 'माले काय समजनं नही' इथून सुरुवात करायची. 'काय समजलं' इथून सुरुवात केली की भाषणं होतात, आणि ज्याला कमी समजलंय तो पुढच्या रविवारी येत नाही. अहिराणीत बोलायला कुणी लाजू नये. कल्पना आधी आपल्या बोलीत धड सांगता आली की मग मराठीत आणि इंग्रजीत नेता येते. उलट क्रमाने गेलं तर नुसते पारिभाषिक शब्द तोंडात राहतात.

व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण त्यात सुप्रभात, देवदेवता आणि निवडणूक नको हे पहिल्या दिवशी लिहून टाका. ग्रुपवरचं चार दिवसांत वर जातं आणि सापडत नाही, म्हणून दर रविवारी एकाने आठवड्यातलं कामाचं ते एका पानावर उतरवायचं: कुणी काय केलं, कोणती लिंक उपयोगी पडली, कुठला प्रश्न अडून आहे. पाळीपाळीने. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत; तुमचं तर आठवड्याला एकच पान आहे.

गट बिघडतो तो दोन प्रकारे. एक जण सगळं करून आणतो आणि बाकीचे बघतात. त्याला आठवडाभर फक्त प्रश्न विचारायचं काम द्या. किंवा गट इतका घट्ट होतो की बाहेर कुणी लिहीतच नाही. मग कोर्स उरतो कशाला? म्हणून गटातल्या प्रत्येकाने आठवड्याला एकदा तरी बाहेरच्या अनोळखी माणसाला लिहायचं, आणि काय लिहिलं ते रविवारी दाखवायचं.

तिसरा आठवडा आणि इतर खड्डे

गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते. पहिल्या आठवड्याचा उत्साह संपलेला, राहिलेल्या व्हिडिओंची संख्या दिसत असते, आणि माणूस 'आधी मागचं पूर्ण करतो' म्हणून मागे जातो. हीच चूक. अशा कोर्समध्ये मागे जायचं नसतं. चालू आठवड्यात उडी मारा. मागच्या चर्चेतली माणसं पुढे निघून गेलेली असतात, रिकाम्या वर्गात बसून काय मिळणार? मागचं वाचन हवं असलं तर नंतर घेता येतं, माणसांची सोबत नंतर मिळत नाही.

दुसऱ्यांचं वापरताना परवाना बघा. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या वापराचे ठरलेले परवाने. 'सीसी बाय' असेल तर नाव देऊन वापरा, बदला, भाषांतर करा. 'एसए' जोडलेलं असेल तर तुमचंही त्याच परवान्याखाली ठेवावं लागतं. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, त्यामुळे फी घेणाऱ्या क्लासच्या नोट्समध्ये ते घालू नका. 'एनडी' असेल तर बदल करून वाटायचं नाही, आणि मराठी भाषांतर हाही बदलच. काहीच लिहिलेलं नसेल तर 'सगळं खुलं' असं समजू नका. लिंक द्या आणि आपल्या शब्दांत सांगा.

प्रमाणपत्राची घाई करणारे संदेश येतात: अमुक रुपये भरा, परीक्षेशिवाय मिळेल. कोर्सच्या स्वतःच्या खात्यातून आत जाऊन जे दिसत नाही त्यावर पैसे भरू नयेत.

चाचणीवाल्या कोर्सचं काय?

स्वयम हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं, आणि आयआयटींचं एनपीटीईएल त्याच्याही आधीपासून, २००३ पासूनचं. एनपीटीईएलमध्ये शिकणं फुकट; प्रमाणपत्राची परीक्षा ऐच्छिक, तिचं शुल्क वेगळं, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गुणांची रीत: गृहपाठाला २५, परीक्षेला ७५. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० पडले तर प्रमाणपत्र. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ गृहपाठ धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला सहा, चार आठवड्यांच्या कोर्सला तीन. म्हणजे कानबाई, पोळा आणि गणपती यांची सोय त्या हिशोबातच आहे. जोडून शिकण्याची रीत इथे अशी लावा: गृहपाठ आपापला सोडवायचा, मुदत संपल्यावर गटात बसायचं, आणि ज्यांची उत्तरं वेगळी आली त्यांनी का ते सांगायचं. मुदतीआधी उत्तरं वाटली की सगळ्यांचे २५ पैकी २४ येतात आणि परीक्षेत सगळे एकत्रच आपटतात.

कॉलेजला क्रेडिट हवं असेल तर नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांना विचारा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयममधून घेता येतात, पण कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी चालेल हे संस्थेने आधी मान्य करावं लागतं. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचायला घेऊ नका. कोर्सची पानं कधीही बंद होऊ शकतात, म्हणून तुम्हाला आलेली उत्तरं, तुम्ही दिलेली उत्तरं आणि कामाच्या लिंका आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. मग एका फाइलमध्ये ज्यांच्याशी निदान दोनदा लिहिणं झालं अशांची नावं, ते कुठले आणि कशात तरबेज, एवढं मांडा. दहाबारा नावं निघतात. प्रत्येकाला दोन ओळींचं पत्र लिहा: तुमच्या अमुक प्रश्नामुळे माझं अमुक पान सुधारलं, लिंक सोबत आहे, पुढे लिहीत राहू का? दहांतल्या तिघांचं उत्तर आलं तरी पुढचा करपा मोजायला तुमच्याजवळ तीन बागा जास्त आहेत.